स्वस्त हेडफोनचा बेस गळतो कुठून?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एक्स्ट्रा बेस’ छापलेलं दिसलं की मी ते खोकं जागेवर ठेवून देते. अशा बऱ्याच हेडफोनांत १०० ते २०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात फुगवटा दिलेला असतो. पहिली पाच मिनिटं तो दणदणीत वाटतो. तासभर ऐकलं की गायकाचा आवाज घुसमटायला लागतो, कारण जोरातला खालचा सूर त्याच्या वरच्या सुरांना झाकून टाकतो. मला हवा असतो तो त्याच्याही खालचा बेस. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की तिचा मूळ सूर साधारण ४१ हर्ट्‌झचा असतो, आणि पाच तारांच्या गिटारवर तो ३१च्या आसपास उतरतो. हा सूर कानापेक्षा जबड्याला आधी कळतो. तो कमी किमतीच्या हेडफोनमध्येही असतो, फक्त कानापर्यंत पोचत नाही. सध्या माझ्या टेबलावर असलेली जोडी अगदी साधी आहे. खोक्यातून काढली तेव्हा तिचा बेस पातळ होता, आता तो चांगला भरला आहे. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर, तोच आहे. मी फक्त पॅड बदलले आणि हवा निसटणाऱ्या फटी टेप-फोमने बुजवल्या.

निवडताना मी खोक्यावरच्या आकड्यांकडे बघतच नाही. ‘१० हर्ट्‌झ ते २५ किलोहर्ट्‌झ’ असं लिहिलेलं असतं, पण दोन्ही टोकांना आवाज किती डेसिबलने पडलाय ते लिहिलेलं नसेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही. ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा आहे एवढ्यावरूनही काही ठरत नाही. ४० मिलिमीटरचे कितीतरी ड्रायव्हर खाली व्यवस्थित उतरतात. मी बघते ते हे, की कप पाठीमागून बंद आहेत का, ते पूर्ण कानाभोवती बसतात का, पॅड काढता येतात का, त्या मापाचे पॅड वेगळे मिळतात का आणि कप स्क्रूने उघडतो की गोंदाने चिकटवलाय. गोंदवाला असेल तर कितीही छान वाजला तरी मी घेत नाही.

मग तळव्याची चाचणी. बेस असलेलं ओळखीचं गाणं लावायचं, दोन्ही कप तळहातांनी कानावर हलके दाबायचे. दाबल्याबरोबर खालचा आवाज भरून आला तर ती जोडी कामाची. याचा अर्थ ड्रायव्हर आपलं काम करतोय आणि हवा कुठून तरी निसटतेय. दाबूनही काहीच बदललं नाही तर ती जोडी माझ्यासाठी बाद, कारण तिथे टेप-फोमने फारसं काही साधणार नाही.

असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. ४० हर्ट्‌झच्या लहरीची हवेतली लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते आणि पॅडच्या आतली पोकळी जेमतेम काही सेंटिमीटर. इतक्या लहान जागेत लहर वगैरे बनत नाही. ड्रायव्हरचा पडदा पुढे आला की आतल्या हवेचा दाब वाढतो, मागे गेला की कमी होतो, आणि कानाच्या पडद्याला तोच दाब जाणवतो. सायकलच्या पंपाचा वॉशर सैल झाला की दांडा कितीही हाणला तरी दाब धरत नाही, तसंच हे. फट बारीक असली तरी संथ बदलणाऱ्या दाबाला बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळतो. वरच्या सुरांना तो मिळत नाही. म्हणून गळती झाली की फक्त बेस जातो, बाकी सगळं जसंच्या तसं राहतं, आणि आपल्याला वाटतं ड्रायव्हरच हलका आहे.

हे स्वतः अनुभवायचं असेल तर फोनवर ४० हर्ट्‌झचा साधा सूर हळू आवाजात लावा आणि कानाच्या मागच्या बाजूला पॅडखाली करंगळीचं टोक सरकवा. सूर जवळपास नाहीसाच होतो. बोट काढलं की परत येतो. मी चष्मा लावते, त्यामुळे माझ्या बाबतीत ते बोट कायमच तिथे असतं, चष्म्याच्या काडीच्या रूपात. काडी जाड असेल तर तिच्या वर आणि खाली दोन त्रिकोणी फटी राहतात. बारीक धातूच्या काड्यांची फ्रेम आणि मेमरी फोमचे मऊ पॅड, एवढ्यावर माझी अर्धी गळती बंद झाली.

पॅड निवडताना मखमली टाळा. उकाड्यात ते सुखाचे असतात हे खरं, पण त्यांच्यातून हवा झिरपते. कृत्रिम चामड्याचे पॅड दाब धरतात. फार जाड पॅडही नकोत. ड्रायव्हर कानापासून लांब गेला की वरचे सूर बदलतात, आवाज पोकळ येतो. मूळ पॅडपेक्षा किंचित जाड आणि मऊ, इतकंच मला पुरलं.

पॅड काढला की दुसरी गळती दिसते, आणि ती माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. पॅडच्या मागची पातळ झालर प्लास्टिकच्या खाचेत अडकवलेली असते. स्वस्त जोड्यांत ती खाच उथळ असते, झालर एका बाजूला ताणलेली आणि दुसऱ्या बाजूला सैल. माझ्या जोडीत खालच्या बाजूला नख सहज आत जात होतं. दाराच्या फटीला लावतात ती चिकट फोमची पट्टी उभी चिरून अर्ध्या जाडीची केली आणि खाचेच्या आतून गोल फिरवली. दोन टोकं जिथे भेटतात तिथे ती तिरकी कापायची, सरळ कापली तर तिथेच फट राहते. मग झालर पुन्हा चढवली. पॅड दाबला की फोम दबतो आणि कड सगळीकडून घट्ट बसते.

मग ड्रायव्हरभोवतालची तबकडी. तिच्यावर बहुधा बारीक छिद्रांचं कडं असतं. काही छिद्रांवर पातळ पांढरा कागद चिकटवलेला असतो, काही उघडी. पडद्याच्या पुढची हवा या छिद्रांतून मागच्या हवेला जाऊन मिळते, आणि दोन्हींचे दाब उलटे असल्यामुळे खालच्या सुरात एकमेकांना खोडतात. उघडी छिद्रं झाकली की बेस वाढतो. त्यासाठी मी मायक्रोपोर वापरते, ड्रेसिंगवर लावतात ती कागदी टेप. तिच्यातून थोडी हवा जाते, म्हणून एकेक थर चढवत बेस हवा तितकाच वाढवता येतो. सेलोटेपने सगळं गच्च बंद केलं तर हेडफोन घालताना आतली हवा कोंडते आणि पडदा कुरकुरतो. तो आवाज आला तर लगेच एक छिद्र मोकळं करा. टेप ड्रायव्हरच्या पडद्यावर चुकूनही लागू देऊ नका.

कपाच्या बाहेरच्या अंगाला असलेलं छिद्र ही वेगळी गोष्ट आहे. ते बंद केलं की मागची हवा ताठ होते, पडद्याची हालचाल अडते आणि बऱ्याचदा सगळ्यात खालचा बेस उलट कमीच होतो. प्रत्येक जोडीची घडण वेगळी, म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि दोन्ही कपांत सारखाच करा. नंतर एखादं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारं, रेकॉर्डिंग लावायचं. आवाज डोक्याच्या बरोब्बर मध्ये राहिला पाहिजे. एका बाजूला सरकला तर तिथली टेप किंवा पॅड पुन्हा तपासा.

कप उघडलाच आहे तर मागे थोडा कापूस, पिंजून, सैल. गोळा करून कोंबायचा नाही. याने बेस वाढत नाही, पण प्लास्टिकच्या कपाचा घुमारा कमी होतो आणि ड्रमचा ठोका पडून थांबतो, लांबत नाही. मला हा बदल बेसच्या वाढीइतकाच मोलाचा वाटतो. फॉस्टेक्स कंपनीच्या टी५०आरपी या हेडफोनवर तर लोक वर्षानुवर्षं हेच करत आलेत. कपात फेल्ट, चिकणमाती, कापूस, छिद्रांवर टेप, असं सगळं.

उघड्या पाठीच्या जोड्यांना यातलं फार थोडं लागू पडतं. १९८४ साली आलेला कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा हेडफोन फोमच्या पॅडवर जो बेस देतो तो मला मनापासून आवडतो, पण तो कानावर किती दाबून बसलाय यावर अवलंबून असतो, आणि तो दाब बदलायला त्यात सरकती कळही आहे. बंद जोडीतला ३० हर्ट्‌झ त्याच्याकडे मागू नये.

वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायची घाई करू नका. ३२ ओहमच्या बहुतेक जोड्यांना फोन पुरतो, आणि चांगला ॲम्प आवाज मोठा करतो, बेस वाढवत नाही. बेस वाढवायचा तर इक्वलायझर आहे, म्हणजे सुरांचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर, आणि मी तो मुद्दाम शेवटी ठेवते. फट उघडी असताना ३० हर्ट्‌झ कितीही उचला, तो बाहेरच जातो, वर पडद्यावर ताण येतो तो वेगळाच. ३ डेसिबल उचलायचे म्हणजे दुप्पट वीज, १० डेसिबल म्हणजे दहापट. फटी बुजवल्यावर माझ्या जोडीला १०५ हर्ट्‌झच्या खाली ४ डेसिबलचा लो-शेल्फ, म्हणजे खालचे सगळे सूर एकत्र उचलणारी सेटिंग, पुरला. तेवढेच ४ डेसिबल इक्वलायझरच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे एकूण आवाजाच्या सेटिंगमध्ये, वजा केलेत, नाहीतर जोरातल्या जागी आवाज फाटतो. विंडोज कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ हा प्रोग्रॅम, अँड्रॉइडवर वेव्हलेट हे ॲप, दोन्हींत हे जमतं.

बेस नीट पोचायला लागल्यापासून मी आवाज बराच खाली ठेवते. हळू आवाजात कानाला बेस मुळातच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून पातळ जोडीवर आपण नकळत आवाज चढवत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे, आणि मला त्याच्या बरंच खाली राहून तासन्‌तास ऐकायचं असतं. पॅडचा फोम बसला किंवा वरचं चामडं सोलायला लागलं की मात्र बेस पुन्हा उतरतो. तेव्हा इक्वलायझरला हात न लावता पॅड बदला.