तिसऱ्या बोअरमधली चिकणमाती

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, अगदी मेक्सिकोच्या सरहद्दीवर असलेल्या एल पासोला येऊन मला तेव्हा आठ महिने झाले होते. काम माती परीक्षणाचं. कुणाला गोदाम बांधायचं असो की पूल, आधी आम्ही जायचं, बोअर मारायचे आणि खाली काय आहे ते सांगायचं. त्या दिवशी चामिझाल मेमोरियलच्या जवळच्या एका प्लॉटवर पाच बोअर होते. फेब्रुवारीची थंडी, आणि पलीकडे सिमेंटच्या पात्रातली रिओ ग्रांदे कोरडी ठाक. उत्तरेकडच्या एलिफंट ब्युट धरणातून (1916 सालचं) सिंचनाच्या हंगामात पाणी सोडतात, तेव्हा ती नदी. एरवी नुसती सरहद्द.

पहिल्या दोन बोअरमध्ये अपेक्षेप्रमाणे वाळू लागली. तिसऱ्यात तीन मीटरवर गडबड झाली. आमच्या चाचणीत 63.5 किलोचा हातोडा 76 सेंटीमीटरवरून टाकतात आणि नळी 30 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. वाळूत पंधरा-वीस लागत होते. इथे हातोडा अलगद रॉडवर टेकवला आणि नळी आपली आपण खाली गेली. वर काढली तर आत काळपट, लोण्यासारखी मऊ चिकणमाती. सव्वासहा मीटरपर्यंत तेच.

मी मशीनवाल्याकडे पाहिलं. साठीचा माणूस, रोज पलीकडच्या हुआरेझहून येणारा. मेक्सिकोत इंजिनिअरला ‘इन्हे’ म्हणतात, तसा मलाही म्हणायचा.

“इन्हे, ही नदी आहे,” तो म्हणाला.

मला पटेना. नदी दक्षिणेला होती, आणि नदीच्या पात्रात वाळू सापडायला हवी, चिखल कसा? मग माझंच मला हसू आलं. वाहतं पाणी वाळू आणतं. पण वळण मुख्य प्रवाहापासून तुटलं की उरतं ते साचलेलं पाणी, आणि त्यात पुरागणिक सगळ्यात बारीक गाळ बसत जातो. म्हणजे मऊ माती सापडली तीच खूण, की नदी इथे होती आणि इथून गेली.

चौथा, पाचवा बोअर पुन्हा वाळू. दुपारी गाडीत बसून जुने नकाशे लॅपटॉपवर एकावर एक ठेवले. 1848च्या तहाने नदीचा मध्य ही अमेरिका आणि मेक्सिको या दोन देशांमधली हद्द ठरवली होती. नदीच्या भरवशावर हद्द आखायची, तीही रिओ ग्रांदेसारख्या नदीच्या! 1864च्या पुरात ती दक्षिणेकडे सरकली आणि मेक्सिकोच्या लोकांची चामिझालची जमीन अलीकडच्या काठाला आली. मग 1884चा करार झाला: नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते, एकदम उडी मारली तर जुन्याच जागी राहते. 1864चं सरकणं हळू की एकदम, यावर वकिलांच्या पिढ्या पोसल्या. 1911मध्ये लवादाने जमिनीचा काही भाग मेक्सिकोला दिला, अमेरिकेने निकाल मानला नाही. वाद मिटला 1963 साली, आणि त्यासाठी नदीलाच हलवून सिमेंटमध्ये बांधली. अमेरिकेच्या बाजूची हजारो माणसं त्यात घरांतून उठवली गेली.

पण माझा तिसरा बोअर चामिझालमध्ये नव्हता. तो कोर्दोव्हा नावाच्या वळणावर होता. 1899 साली पुराचा धोका कमी करायला दोन्ही देशांनी मिळून हे वळण कापलं आणि पाणी सरळ दक्षिणेकडून काढलं. हद्द मात्र जुन्या वळणातच ठेवली. त्यामुळे नदीच्या उत्तरेला, एल पासोच्या कुशीत मेक्सिकोचा एक तुकडा उरला. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवाल्यांना याहून सोयीची जागा कुठे मिळणार! 1963च्या करारात त्यातले 193 एकर अमेरिकेला आले.

मशीनवाल्याला स्क्रीन दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. “माझे वडील इथल्या शेतात कामाला यायचे,” तो म्हणाला. “रोज नदी ओलांडायची, पण देश ओलांडायचा नाही. मला आता दोन्ही एकदम ओलांडावं लागतं.”

तेवढ्यात मालकाचा फोन. “चार ठिकाणी वाळू आहे ना? मग एका भोकासाठी काय अडतंय?” मी म्हटलं, एका कोपऱ्यात तुमचं गोदाम खचेल आणि तीन कोपरे जागेवर राहतील, तेव्हा भिंतच सांगेल काय अडतंय. चिकणमातीची पट्टी किती रुंद आहे ते कळायला आणखी तीन बोअर हवेत. तो चिडला, मग, आणखी किती पैसे, असं विचारलं. हे विचारलं म्हणजे काम झालं.

संध्याकाळी लॉगशीट भरायला बसलो. ‘अतिमऊ चिकणमाती, काळपट करडी, ओली.’ शेरा: ‘जुने नदीपात्र, तुटलेले वळण.’

मशीनवाला रॉड पुसत मागून वाचत होता. “सरहद्द लिहा,” म्हणाला.

“त्याला रकाना नाही.”

“बरं.” त्याने हातमोजे काढून बोनेटवर टाकले आणि फोनवर पुलाची रांग पाहिली. दीड तास होती.