आरव्ही कॉलेज पार्कला लावली आणि वॉशिंग्टन मेट्रोने फिरलो

गेल्या ट्रिपला आम्ही एक चूक केली होती ती आधी सांगते, कारण ह्या वेळचं सगळं प्लॅनिंग तिच्यामुळेच झालं. दोन वर्षांपूर्वी बॉस्टनला आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर-बाथरूम असलेली घरासारखी गाडी, घेऊन गेलो तेव्हा मी नकाशावर फक्त अंतर बघितलं. शहरापासून अर्ध्या तासावरचं आरव्ही पार्क (गाडी लावून मुक्काम करायची जागा) होतं, फोटो छान होते, लगेच बुक केलं. तिथे गेल्यावर कळलं की बाहेर ना बस ना ट्रेन, आणि आपल्याकडे वाहन एकच, ते म्हणजे पंचवीस फुटी घर. मग रोज सकाळी विजेची केबल काढ, पाण्याचा पाइप गुंडाळ, सांडपाण्याचा होज सोडव, कपाटांना कड्या लाव, आणि एवढं करून शहरात शिरलं की ती गाडी लावायला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी एक कपाट नीट लागलं नव्हतं, वळणावर स्टीलचा डबा खाली आला आणि अख्ख्या गाडीभर तूरडाळ. शहर आम्ही निम्मंसुद्धा बघितलं नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात आईबाबा आमच्याकडे न्यू जर्सीला होते. दिवाळी होऊन आठवडा झालेला, लेकाला शाळेला गुरुवार-शुक्रवार सुट्टी, म्हणलं ह्यांना वॉशिंग्टन दाखवूया. आरव्हीच हवी होती कारण आईला बाहेरचं खाणं सलग तीन दिवस चालत नाही आणि दर दोन तासांनी थांबायला लागतं, स्वतःचं बाथरूम बरोबर असलं की तिच्या जिवाला शांतता असते. ह्या वेळी मी आधी मेट्रोचा नकाशा उघडला आणि मग त्याच्या टोकाला आरव्ही पार्क कुठे आहे ते शोधलं.

वॉशिंग्टनला दोन जागा नजरेत भरल्या, दोन्ही मेरीलँडच्या बाजूला, मेट्रोच्या ग्रीन लाइनच्या जवळ. एक म्हणजे ग्रीनबेल्ट पार्क, नॅशनल पार्क सर्व्हिसचं, मस्त झाडी, भाडं खूप कमी. पण तिथे वीज-पाण्याचं हुकअप नाही, आणि बाबा रात्री सीपॅपचं मशीन (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून असतं ते, विजेवरचं) लावून झोपतात, त्यात नोव्हेंबरची थंडी, त्यामुळे ते बाद. दुसरं कॉलेज पार्कचं चेरी हिल पार्क. ते स्वस्त नाही हे आधीच सांगते, पण फुल हुकअप आहे, बेल्टवेच्या, म्हणजे शहराभोवतीच्या रिंगरोडच्या, अगदी लगत आहे, आणि मुख्य म्हणजे तेव्हा पार्कच्या आतच बस स्टॉप होता. ८३ नंबरची बस तिथून कॉलेज पार्क मेट्रो स्टेशनला जायची. हे वाचलं तेव्हाच मी नवऱ्याला म्हणलं, ठरलं, हेच.

जाताना बाल्टिमोरचा भाग नीट लक्षात ठेवा. आरव्हीत स्वयंपाकाला आणि हीटरला प्रोपेन असतो, आणि बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून, हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेल, १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी घेऊन जायला बंदी आहे. आधी आरव्हीवाले फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जायचे, पण तो पूल २६ मार्च २०२४ ला मालवाहू जहाज धडकून पडला, त्या रात्री पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगारांचा जीव गेला. त्यामुळे आता ६९५ नंबरच्या हायवेने शहराला पश्चिमेकडून वळसा घालायचा. फोनवरचा नकाशा तुम्हाला सरळ बोगद्यात घालतो, त्याला काय माहीत तुमच्या गाडीत गॅस आहे. आम्ही टाउसनच्या बाजूने गेलो, वेळ जास्त लागला पण निवांत पोचलो, अंधार पडायच्या आत.

पोचल्यावर बाबांनी गाडी लेव्हल करायचं काम स्वतःकडे घेतलं. टायरखाली प्लास्टिकचे ठोकळे सरकवायचे, आत वाटीत पाणी ठेवून ते कुठे कलतंय बघायचं, परत एक ठोकळा. भुसावळला रेल्वेत सिग्नल खात्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यांना असं काम दिलं की ते खूष. तीस अँपची केबल लावली, मशीन चालू करून बघितलं, आईने मुगाची खिचडी टाकली, आणि त्यानंतर रविवार सकाळपर्यंत आम्ही ती गाडी हलवली नाही.

शुक्रवारी सकाळी धपाटे आणि चिवडा पिशवीत घेऊन बस पकडली. कार्ड आधीच काढून ठेवा, स्मार्टट्रिप म्हणतात, आणि प्रत्येकाला वेगळं लागतं, एकाच कार्डावर सगळं घर आत जात नाही. कॉलेज पार्क स्टेशन जमिनीवर आहे, उघडं. बाबा प्लॅटफॉर्मवर उभे राहून वर बघत होते, वायर कुठेय म्हणून. मग खाली बघितलं आणि म्हणाले, "अगं तिसरा रूळ आहे, वीज त्यातून, आपल्या कलकत्त्याच्या मेट्रोसारखा." गाडी येताना प्लॅटफॉर्मच्या कडेला जमिनीत बसवलेले दिवे लुकलुकायला लागतात ते तर त्यांना इतकं आवडलं की त्यांनी माझ्या लेकाला तीन गाड्या सोडून ते दाखवलं, आणि आम्हीही थांबलो, घाई कसली होती.

आर्काइव्ह्ज स्टेशनपर्यंत गाडी बदलावी लागत नाही, अर्ध्या तासाच्या आत पोचतो. ही मेट्रो १९७६ पासूनची, जमिनीखालची स्टेशनं म्हणजे काँक्रीटची उंच कमान, चौकोनी खणांची, मधे एक खांब नाही. वर आलं की नॅशनल मॉल (दुकानांचा नाही, म्युझियम्स आणि स्मारकांमधलं लांबलचक मैदान) चालत पाच-दहा मिनिटांवर आणि तिथली स्मिथसोनियन संस्थेची म्युझियम्स फुकट. त्यातल्या एअर अँड स्पेस म्युझियमला तेवढं आधी ऑनलाइन वेळेचा पास घ्यावा लागतो, पैसे नाहीत.

शनिवारी गॅलरी प्लेसला रेड लाइन पकडून ड्यूपाँ सर्कलला गेलो. तिथून चालत मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूवर आपल्या दूतावासासमोर गांधीजींचा पुतळा आहे, हातात काठी, चालत निघालेले. सप्टेंबर २००० मध्ये वाजपेयी आले होते तेव्हा त्यांच्या हस्ते अनावरण झालेला. आईने चप्पल काढून नमस्कार केला, इतक्या थंडीत. मी काही बोलले नाही, मीही काढली.

परत येताना कॉलेज पार्कला दिवस होता म्हणून स्टेशनजवळचा विमानतळ बघून आलो. छोटासा आहे, पण १९०९ चा, विल्बर राइटने इथे सैन्यातल्या अधिकाऱ्यांना विमान चालवायला शिकवलं, आणि तेव्हापासून तो अखंड चालू आहे. ह्यात आमची बस गेली. शनिवारी बस कमी असतात हे मला माहीत होतं, टाइमटेबलचा फोटो पण काढला होता, तरी गेली. पाच वाजताच काळोख, वारा सुटलेला, आईचे गुडघे आखडलेले, शेवटी कॅब केली, जास्त लांब नव्हतं. म्हणून सांगते, पार्क बुक करायच्या आधी जायची बस कधी आहे ते नका बघू, यायची शेवटची कधी आहे ते बघा, आणि शनिवार-रविवारचं वेगळं बघा. आणि जून २०२५ मध्ये तिथल्या मेट्रोने सगळं बसचं जाळंच नव्याने मांडलं, नंबर बदलले, त्यामुळे ८३ शोधत बसू नका, जायच्या आधी पार्कला फोन करून आत्ताची बस विचारून घ्या.

पुढचा विचार सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. मरीन काउंटीत ग्रीनब्रेला एक आरव्ही पार्क आहे, तिथून चालत लार्कस्परच्या धक्क्यावर जाता येतं आणि मग बोट थेट शहरातल्या फेरी बिल्डिंगच्या धक्क्याला. बाबांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "शेवटची बोट किती वाजता?"