धुराडे नसलेल्या घरात गॅसची शेकोटी बसवताना

घर बांधतानाच धुराडे ठेवलेले नसल्यामुळे आपल्याकडे गॅसची शेकोटी बसणारच नाही, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. विजेच्या हीटरने आईची खोली तापत असे. पण बैठकीची खोली मोठी, त्यामुळे थंडीत तिथे कोणी फार वेळ टिकत नसे. चौकशी सुरू केल्यावर लक्षात आले की खरा प्रश्न धुराड्याचा नाही, तर गॅस जळल्यावर जे काही तयार होते ते घराबाहेर कसे काढायचे, हा आहे.

सर्वांत सोपा पर्याय म्हणून मला प्रथम बाहेर जाणारी नळीच नसलेली शेकोटी दाखवण्यात आली. तिच्यात जळलेला वायू उत्प्रेरकाच्या जाळीतून जातो, तिथे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होते आणि मग तो वायू खोलीतच सोडला जातो. सगळी उष्णता घरातच राहते हे ऐकून मी जवळजवळ होकार दिला होता. माहितीपुस्तिका घरी आणून सावकाश वाचली तेव्हा मात्र दोन गोष्टी खटकल्या. एक तर या शेकोटीसाठी खोलीचे घनफळ ठरावीक मापापेक्षा कमी चालत नाही आणि भिंतीत कायमचा उघडा झरोका लागतो, म्हणजे भिंतीला भोक पाडणे काही चुकत नाही. दुसरी गोष्ट ओलाव्याची. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटर पाणी होईल एवढी वाफ तयार होते, आणि आमच्या बैठकीच्या एका कोपऱ्यात आधीच ओल धरलेली होती. शिवाय त्या झरोक्यातून गार वारा येतो म्हणून आमच्यापैकी कोणीतरी एक दिवस त्यात कापडाचा बोळा कोंबणार, हे मला घरच्यांच्या स्वभावावरून पक्के ठाऊक होते.

शेवटी समोरून काचेने पूर्ण बंद असलेली शेकोटी घ्यायचे ठरले. तिच्या मागून, बाहेरच्या भिंतीतून, एकात एक बसवलेल्या दोन नळ्या जातात. बाहेरच्या नळीतून ज्वालेला लागणारी हवा आत येते आणि आतल्या नळीतून जळलेला वायू बाहेर पडतो. खोलीतल्या हवेशी ज्वलनाचा संबंधच येत नाही. त्यामुळे स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावल्यावर जळलेला वायू उलटा खोलीत ओढला जाण्याची जी भीती उघड्या शेकोटीत असते, तीही उरत नाही.

काम परवानाधारक तंत्रज्ञाकडेच दिले, आणि त्या परवान्यात अशा शेकोट्यांचे काम येते का, हेही आधी पाहून घेतले. ते आले ते घरात न शिरता थेट बाहेरच्या भिंतीकडे गेले. मी शेकोटीसाठी भिंतीचा मध्य निवडला होता आणि त्याच्या बरोबर वर, वरच्या मजल्यावर, आईची खिडकी होती.

“ही खिडकी रात्री उघडी असते का?” त्यांनी विचारले.

“आईला बंद खोलीत झोप लागत नाही,” मी म्हणाले.

“मग शेकोटी इथे बसणार नाही.”

नळीचे तोंड खिडकी, झरोका, भिंतीचा कोपरा आणि छपराची कड यांपासून किती दूर हवे, याचा तक्ता पुस्तिकेतच होता. मी तो वाचला होता, पण घरात बसून. जागा डावीकडे सरकवावी लागली आणि माझी खोलीची सारी मांडणी बिघडली. त्याचे थोडे वाईट वाटले, हे कबूल करते.

भोक पाडताना ड्रिल बाहेरच्या बाजूला किंचित उतरते धरले होते, म्हणजे पावसाचे पाणी नळीतून आत येणार नाही. भिंतीचा गोल गाभा बाहेर काढल्यावर तंत्रज्ञांनी त्या भोकात टॉर्च धरून मला आत बघायला सांगितले. आमची भिंत दुहेरी असल्याचे मला तेव्हा कळले. दोन भिंतींच्या मधली काळी पोकळी स्पष्ट दिसत होती. त्या पोकळीत वायू शिरला तर तो कुठल्याही खोलीत निघू शकतो, म्हणून आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड धातूचे वेष्टन बसवले, ते दोन्ही भिंतींशी पक्के बंद केले आणि मगच त्यातून नळी नेली.

गॅसच्या जोडणीत शेकोटीसाठी स्वतंत्र व्हॉल्व्ह दिला आणि सगळी उपकरणे बंद करून नळीतला दाब तपासला. दाब हळूहळू उतरू लागला. नव्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहिले तर एकही बुडबुडा नाही. मोहरीएवढे बुडबुडे आले ते स्वयंपाकाच्या शेगडीमागच्या जुन्या सांध्यावर. ती गळती किती दिवसांची होती, देव जाणे. तो सांधा बदलून चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा दाब जागचा हलला नाही.

ज्वाला निळीच हवी, असे मी ऐकून होते. पण या शेकोटीची ज्वाला शोभेसाठी मुद्दाम पिवळी ठेवलेली असते, म्हणून रंगापेक्षा काचेवर काजळी धरते का याकडे लक्ष ठेवायला त्यांनी सांगितले. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, तेव्हा त्याचा अलार्मही त्याच खोलीत लावला. सगळे बंदिस्त आहे तर हा कशाला, असे आईने विचारले. काचेभोवतीची पट्टी कालांतराने कडक होते, काचेला तडाही जाऊ शकतो, हे उत्तर तिला पटले. युरोपीय मानकाप्रमाणे असा अलार्म 300 पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 300 भाग) तीन मिनिटांच्या आत वाजतो, पण 50 पीपीएमला तासाभरानंतर. त्यामुळे डोके दुखू लागले तर अलार्मची वाट न पाहता शेकोटी बंद करून मोकळ्या हवेत जायचे, असे आम्ही घरात ठरवून ठेवले आहे.

पहिल्या दिवशी शेकोटीच्या नव्या रंगाचा उग्र वास आला, तेव्हा खिडक्या उघड्या टाकून ती काही तास पेटती ठेवली. वर्षाने तेच तंत्रज्ञ तपासणीला आले आणि त्यांनी बाहेरच्या तोंडावरची जाळी काढली, तर आत कोळ्याने ऐसपैस जाळे विणले होते. ब्रशने ते काढून त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख शेकोटीच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहिली.