घोघ्याला एका दिवसात? तुम्ही विचारलंत म्हणून

"फेरीने घोघा एका दिवसात होतं का? वसूल आहे का?" हा प्रश्न मला बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजी निवडताना, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड उघडून बसले असताना विचारला गेलाय. तेव्हा नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्या डॉक्टरांना अजून कळलेलं नसेल.

विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. 2018 च्या ऑक्टोबरात दहेजहून खंभातच्या आखातापलीकडे, भावनगरजवळच्या घोघ्याला गाड्या नेणारी बोट सुरू झाली तेव्हा अख्ख्या दांडिया बाजारात "जाच जाच" करत फिरणारी मीच होते. त्याआधी वर्षभर नुसती माणसं नेत होते, मग बस, ट्रक, मोटारी सगळंच चढायला लागलं. बडोद्याहून भरूचमार्गे दहेज, तिथून सव्वा तासात पलीकडे. समुद्रातलं अंतर जेमतेम 31 किलोमीटर. सकाळी पोहे खाऊन निघायचं, दुपारी भावनगरचे गाठिये, रात्री वरणभाताला घरी. तेव्हा मी जे सांगितलं त्यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. फक्त ते दहेजबद्दल होतं, आणि ते दहेज 2019 च्या सप्टेंबरातच आटोपलं. धक्क्यापाशी गाळ भरत गेला, बोटीला लागतं तेवढं खोल पाणी राहिना, आणि फेऱ्या थांबल्या. 2020 च्या नोव्हेंबरात हजिऱ्याहून नवी सेवा सुरू झाली. लोकांच्या लेखी मात्र "फेरी" ही एकच गोष्ट आहे, आणि ती कुठूनही सुटली तरी माझाच सल्ला लागू पडतो.

नकाशा काढून बघा हो एकदा. हजिरा सुरतेच्याही पुढे, तापीच्या मुखाशी. 370 किलोमीटरचा रस्ता समुद्रातून 90 किलोमीटरचा होतो, असं जे सांगतात, ते सुरतकरांसाठी. सुरतेत हिऱ्यांच्या कारखान्यांत बसलेली निम्मी माणसं भावनगर-अमरेलीकडची. सणाला गावी जायला त्यांना ही बोट म्हणजे वरदान आहे. आपण बडोदेकर मात्र आधी दीडशेच्या वर किलोमीटर दक्षिणेला जाणार, मग चारेक तास बोटीत बसून परत वर येणार. आणि वटामणवरून भावनगर रस्त्याने 200 किलोमीटरच्या आसपास! द्राविडी प्राणायाम करायची हौस असेल तर करा, पण त्याला सोय म्हणू नका.

"पण बोटीची मजा?" हे पुढचं ठरलेलं वाक्य. आहे की मजा. नाही कुठे म्हणते मी? वरच्या डेकवर वारा खात उभं राहा, हिवाळ्यात पांढरे पक्षी मागे लागतात, मुलं वेडी होतात. फक्त गोव्याचं निळं पाणी मनात धरून जाऊ नका. खंभातच्या आखातात साबरमती, मही, नर्मदा आणि तापी आपापला गाळ आणून ओततात. पाणी दूध कमी घातलेल्या चहासारखं दिसतं. माझ्या भाच्याने अर्ध्या तासात विचारलं होतं, "मावशी, समुद्र कधी येणार?"

आणि घोघा? मला ते गाव आवडतं, आणि म्हणूनच एका दिवसाच्या हिशोबात त्याची किंमत काढली की मला राग येतो. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1342 मध्ये इथे आला, तेव्हा मोठे बाजार असलेलं शहर होतं. इथले खलाशी देशभरात नावाजलेले. "लंकानी लाडी ने घोघानो वर" (लंकेची नवरी नि घोघ्याचा नवरा) ही म्हण आपल्या शेजारच्या गुजराती काकूंना विचारा, पाठ असेल. मोखडाजी गोहिल या जुन्या राजाचं पीरम बेट समोरच. मग 1723 मध्ये भावसिंहजींनी भावनगर वसवलं आणि व्यापार हळूहळू तिकडे सरकला. कापसाच्या तेजीत, अमेरिकेत यादवी चालू होती तेव्हा, घोघ्याने एकदा शेवटचं डोकं वर काढलं. आज काय आहे? तटाचे तुकडे, जुन्या मशिदी, दीपगृह, बंद दारांची उंच घरं, आणि दुपारी चिटपाखरू नसलेल्या गल्ल्या. यातलं काहीही "बघायला" अर्धा तास पुरतो आणि कळायला दोन दिवस लागतात. तुम्ही मला अर्ध्या तासाबद्दल विचारता.

बरं, आता खरं ते सांगते, कारण आमच्या घोघ्याच्या सहलीची अर्धवट ऐकीव गोष्ट पुष्कळांपर्यंत गेलीच आहे.

सासूबाईंचं लहानपण भावनगरला गेलं. त्यांचे वडील रेल्वेत होते, घर 'भावनगर परा' नावाच्या भागात. घोघ्याजवळ कोळियाकला समुद्रात आत असलेल्या निष्कलंक महादेवाला लहानपणी वडिलांबरोबर गेल्या तेव्हा भरती होती. पाच पिंडी समुद्राच्या पोटात. वर नुसता खांब आणि ध्वजा. वडील म्हणाले, परत येऊ. मग बदली झाली, मग लग्न होऊन बडोदा. पांडवांचं पाप तिथे धुतलं गेलं म्हणतात. आईंना पापाबिपाचं काही नव्हतं, त्यांना फक्त ओहोटीत आत चालत जायचं होतं. हे त्या दरवर्षी श्रावणातल्या अमावास्येला, तिथली जत्रा टीव्हीवर दिसली की, एकदा म्हणायच्या आणि गप्प बसायच्या.

तर दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी आणि ह्यांनी ठरवलं, की हजिऱ्याच्या बोटीने आईंना नेऊन आणू. दोघींची हौस फिटेल: त्यांची महादेवाची, माझी बोटीची. गाडी बोटीत चढवायचं भाडं वाचवायचं म्हणून ती हजिऱ्याला ठेवली. भरती-ओहोटी बघितली होती का, हे कृपा करून विचारू नका. बघितली होती. भावनगर बंदराच्या तक्त्यात ओहोटी तीनच्या सुमाराची होती. बोट बाराच्या पुढे घोघ्याला लागणार, परतीची पाचची, तासभर आधी धक्क्यावर हजर. मी कागदावर मांडून बघितलं होतं आणि ते बसत होतं.

ते कागदावर बसत होतं.

रिक्षाने पाऊण तास घेतला. कोळियाकला पोचलो तर समोर सगळं पाणीच, लांब आत ध्वजा तेवढी. उधाणाचे दिवस सरलेले, त्यामुळे पाणी रेंगाळत ओसरत होतं. माणसं किनाऱ्यावर शेंगा खात बसलेली, त्यांना कसली घाई? कुणी भावनगरचे, कुणी तळाज्याचे, संध्याकाळी घरी गेले की झालं. दोन वाजून गेल्यावर पुढची माणसं पाण्यामागून चालायला लागली. आईंनी लुगडं खोचलं. एका हाताला मी, एका हाताला हे. वाळू थोडीशी, मग चिखल. घोट्यापर्यंत जाणारा, बुळबुळीत, मध्येच खडक. आई एक पाय काढायच्या, थांबायच्या, दुसरा काढायच्या. चपला कधीच हातात घेतल्या होत्या. तोंडाने काही नाही, पण बोटं माझ्या मनगटात रुतलेली. त्या तशा चालताना मी पहिल्यांदाच त्यांच्या पायांकडे नीट बघितलं, सुजलेले, नखांत काळा चिखल, आणि त्या पायांना घाई अशी नव्हतीच.

घाई मला होती. पावणेतीन वाजले तेव्हा आम्ही निम्म्यावर होतो. देवळाचा चौथरा उघडा पडायला लागला होता. पुढे गेलेली पोरं पिंडीला पाणी घालताना दिसत होती. मी मनातल्या मनात आकडे फिरवत होते. एवढंच परत यायचं, मग रिक्षा, मग धक्का. पुढे गेलो तर बोट गेली. बोट गेली तर गाडी समुद्रापलीकडे, ह्यांची सोमवारची सकाळची शिफ्ट, आणि आईंचं रात्रीचं इन्सुलिन घरच्या फ्रीजमध्ये.

"आई, परत फिरू या," मी म्हटलं. हे काही बोलले नाहीत. ते अशा वेळी बोलत नाहीत, आणि मग वर्षानुवर्षं त्यांना कुणी विचारतही नाही. आई थांबल्या. ध्वजेकडे बघितलं, माझा हात सोडून दोन्ही हात जोडले, आणि म्हणाल्या, "चल. इथनं दिसतंय की."

बोट मिळाली. वेळेवर सुटली, तक्रारीला जागा नाही. आईंनी डेकवर बसून गाठिये खाल्ले, तळलेली मिरची मागून घेतली. शेजारी सुरतेतल्या वराछाची एक बाई होती, माहेरी जाऊन परत चाललेली. तिने आपलं विचारलं, "बा, निष्कलंकनां दर्शन थयां?" आई म्हणाल्या, "हा बेन, थयां. बहु सरस थयां." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते माझी लाज राखायला होतं, की स्वतःची, की त्यांच्या लेखी खरोखरच झालं होतं, हे मी त्यांना विचारलेलं नाही. मध्यरात्र उलटल्यावर घरी पोचलो. पहिलं इन्सुलिन.

माझ्या थोरल्या नणंदेला हे कळलं तेव्हापासून ती मला एकच विचारते: "भावनगरात औषधाचं दुकान नव्हतं?" होतं, ताई. हॉटेलंही होती. एका दिवसाची रजा काही सोन्याची नसते. सकाळी बसने वटामणवरून परत येता आलं असतं, गाडी नंतर कधीही आणता आली असती. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. तिथे, चिखलात, पाऊणशेच्या घरातल्या माणसाचा हात धरून उभं असताना, मागे पाणी केव्हा वळेल याचा भरवसा नसताना, सुचलं नाही. त्या आखातात उधाणाला पाणी 10 मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. तिथे उगाच धाडस करणाऱ्यातली मी नाही. इब्न बतूताचीही होडी घोघ्यापासून मैलभरावर चिखलात रुतली होती. दोघांच्या खांद्यांवर भार टाकून तो चालत होता, आणि बरोबरचे लोक त्याला भरती येईल म्हणून घाबरवत होते. त्याला पोहता येत नव्हतं नीट. हे मी ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, "पण तो पोचला ना?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणून मी चुकले असंही मी म्हणणार नाही. आईंना धाप लागली असती, पाय मुरगळला असता, तर हीच ताई म्हणाली असती, तुला अक्कल नको होती का परत फिरायची? परत फिरणाऱ्याच्या वाट्याला शाबासकी कधी येतच नाही, कारण जे घडलं नाही ते दाखवायचं कसं?

2018 मधली मी असती तर म्हणाली असती, अगं पण दहेज चालू असतं तर तास-दोन तास जास्त मिळाले असते, सगळं जमलं असतं. तिला मी सांगते: तू तेव्हा घोघ्यात नेमकं काय बघितलंस? धक्का, बोट, आणि बोटीचे फोटो. गावात पाऊल तरी टाकलंस? ती म्हणते, पण मजा आली ना? आली. अजूनही आठवून येते. तिथे आमचं दोघींचं भांडण अडकतं.

तर तुमचं उत्तर. नुसती बोट हवी असेल, मुलांना समुद्रात चार तास न्यायचं असेल, तर जा, धक्क्यावर चहा प्या, त्याच दिवशी परत या, पैसे वसूल. गाव हवं असेल, महादेव हवा असेल, तर एका दिवसात जाऊ नका, आणि बडोद्याहून तर बोटीने जाऊच नका. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, बोटीची तशी सरकत नाही. दोन्ही जुळणारा दिवस सापडला तरी मध्ये तुम्ही, तुमची रिक्षा आणि तुमची म्हातारी माणसं उरतातच. फेऱ्यांचं वेळापत्रक बदलत असतं, निघण्याआधी बघा. हवामान बिघडलं की फेरी रद्दही होते. औषधं बरोबर घ्या, घरी परतायचं नक्की असलं तरी घ्या. इथून पुढे मला फोन करू नका.

ताईंनी आता नवीन काढलंय. येत्या थंडीत रस्त्याने जायचं, भावनगरला दोन रात्री राहायचं, आईंना खुर्चीत बसवून चार पोरांकडून आत न्यायचं. आई म्हणतात, आता नको, गुडघे संपले. ताई म्हणतात, त्यांचं काय ऐकतेस, तू हो म्हण. हॉटेलचं बुकिंग शुक्रवारपर्यंत धरून ठेवलंय म्हणे. आज बुधवार, आणि मी अजून काही कळवलेलं नाही.