तुम्ही विचारलंत म्हणून

तुमच्या कथांतली माणसे कधी देवापुढे हात जोडत नाहीत, मग महानुभाव पंथाच्या घरात वाढून तुम्ही नास्तिक झालात का, असे मला प्रत्येक कार्यक्रमानंतर कोणीतरी विचारतेच. पंथातले लोक उलट विचारतात, की पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी, त्यांच्याविषयी एक अक्षरही का लिहीत नाही.

सकाळी नामस्मरण झाल्याशिवाय मी चहा घेत नाही. याहून अधिक पुरावा देण्याची मला गरज वाटत नाही. लेखनात श्रद्धा कुठे आहे म्हणाल, तर ती सांगण्याच्या रीतीत आहे. आमच्याकडे रात्री लीळाचरित्र वाचले जाई. इ.स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, त्या-त्या प्रसंगी हजर असलेल्यांना गाठून, जमवल्या. त्यात प्रसंग घडतो, कोणी दोन शब्द बोलते आणि लीळा, म्हणजे ती एक आठवण, संपते. माझ्या ज्या थांबण्याला समीक्षक आधुनिक म्हणतात, ते मी तिथे शिकलो.

आता ज्या कथेवरून हे सगळे सुरू झाले, तिच्याविषयी. गिरणाकाठच्या आमच्या गावात शेजारच्या काकू चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जात आणि परतल्यावर नैवेद्याचे ताट आमच्याकडे आणत. अन्य देवतेचा प्रसाद आम्हाला चालत नसे. आईने ते दोन्ही हातांनी घेतले, काकूंना पाणी दिले आणि त्या गेल्यावर खापरावरची पुरणपोळी गायीपुढे ठेवली. ताट राहिले म्हणून काकू परत आल्या, तेव्हा गायीच्या तोंडात अर्धी पोळी लोंबत होती. आई उभीच राहिली. काकूंनी ताट उचलले, पदराने पुसले आणि त्या निघून गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा ताट आणले आणि उंबऱ्यातूनच सांगितले, की हे नैवेद्य दाखवण्याआधी वेगळे काढले आहे. त्या दिवशी आम्ही सगळे जेवलो.

तरुणपणी मी ही कथा गायीपाशी संपवली. आई कठोर दिसली, कथेचे कौतुक झाले, पंथातल्यांनी नाव ठेवले. दुसरे ताट का गाळले, असे आज मी त्या तरुणाला विचारतो. तो म्हणतो, काकूंचा अपमान त्या ताटाने पुसला गेला असता. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. आईचे आचरण तिच्या श्रद्धेला धरून होते आणि ते दुसऱ्या बाईला लागलेही होते.

कथा मी मागे घेतलेली नाही. दुसऱ्या ताटाची कथा मात्र अडली आहे. ते खरोखर नैवेद्याआधी काढले होते का, हे आईने कधी विचारले नाही. माझ्या कथेतल्या बाईने ते विचारावे की नाही, हे माझे ठरत नाही.