तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पहाटेचं

"सर, तुम्ही तर किल्लारीकडचे. भूकंपाच्या त्या पहाटेचं सांगा ना." सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की हे ठरलेलं. विद्यार्थी विचारतात, वार्ताहर विचारतात, यंदा बँकेतल्या कॅशियरनंही विचारलं. मी "राहू द्या" म्हणतो. मग मागून कानावर येतं, मानसशास्त्र शिकवतो आणि स्वतःचं मन मोकळं करता येत नाही. एकदाचं सांगून टाकतो.

न सांगण्याचं कारण दुःख नाही. म्हणजे दुःख आहेच, पण ते कारण नाही. पंधराएक वर्षं मी ती गोष्ट हौसेनं सांगितली, आणि आता ती माझी आहे की नाही हेच मला ठाऊक नाही.

बीएच्या पहिल्या वर्षाला स्मृतीचं प्रकरण आलं की मी सुरू व्हायचो. मी सात वर्षांचा. विसर्जन करून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे माळवद, म्हणजे घराचं मातीचं छत, खाली आलं. उजाडल्यावर ढिगातून आजीचा हात वर आलेला, मनगटात हिरव्या बांगड्या, एकही फुटलेली नाही. इथं वर्ग गप्प व्हायचा. खोटं कशाला बोलू, तो गप्प झालेला वर्ग मला आवडायचा.

एका संक्रांतीला भाचीनं शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलं, मी हेच सांगितलं. आई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

"काय सांगायलास रे? आजीच्या हातात बांगड्या? तुझे आजोबा जाऊन तवा धा वर्सं झाली व्हती."

मला कळेना. आजीच्या मोकळ्या मनगटावरचं गोंदण मी आजही कागदावर काढून दाखवीन. तरी इतकी वर्षं मी त्याच हातात बांगड्या भरत होतो, आणि गोंदण आणि बांगड्या एकमेकांना कधी आडव्या आल्या नाहीत. मी लगेच वाद घातला. "मग काकूचा असेल हात." आई बराच वेळ काही बोलली नाही. एक शेंग तिनं सोलली, दाणे सुपात टाकायचे ते टरफलांत टाकले.

"काकूच्या व्हत्या हिरव्या. पर तू कुठं बघितलास? तुला अंधारातच मामानं खांद्यावर टाकून मळ्यात नेलं. दोन दिवस तिथंच व्हतास."

मग तो हात मला दिसला कुठून? मोठी माणसं बोलताना ऐकला असेल. की मळ्यातून पळून आलो होतो? असंही झालं असेल ना? सात वर्षांचं पोर, कोण लक्ष ठेवतंय.

हे सगळं मी शिकवतो, हीच तर गंमत. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होता. अडीचेक वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. ११ जणांचं एकही उत्तर जुळेना. स्वतःचं हस्ताक्षर समोर ठेवलं तरी जुनी आठवण परत येईना. हे शिकवताना मी त्या पोरांना मनातल्या मनात हसत आलो. त्यांच्याकडं निदान दुसऱ्या दिवशीचा कागद होता. आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या सकाळी प्रश्नावली कोण वाटणार होतं?

एमएला असताना मी पुनर्वसनाच्या गावात मुलाखती घेतल्या होत्या. माझा प्रश्न होता, "घर कोसळताना तुम्ही काय पाहिलं?" एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७४ चा प्रयोग मला तोंडपाठ होता. लोकांना अपघाताची फिल्म दाखवून, गाड्या 'धडकल्या' ऐवजी 'आदळून चुराडा झाल्या' असं विचारलं, तर आठवड्यानं जास्त लोकांना फुटलेली काच आठवली, आणि फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी मी 'कोसळताना' विचारलं, 'काय पाहिलं' विचारलं. एक आजोबा म्हणाले, "काय नाय बाबा, अंधार व्हता." मी शब्द फिरवून पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. शेवटी त्यांना काहीतरी दिसलं. ते मी लिहून घेतलं, आणि गुणही चांगले पडले.

लोक खोटं सांगतात असं मी म्हणत नाहीये, कृपा करून तसं छापू नका. माणसं गेली, घरं गेली, ते कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. आणि आईचंच बरोबर कशावरून? त्या रात्री बारीक पाऊस होता असं ती एका वर्षी सांगते, पुढच्या वर्षी चांदणं असतं. पण बांगड्यांचं तिनं ज्या आवाजात सांगितलं, त्यापुढं माझं शास्त्र चालत नाही. आवाज हा पुरावा नसतो, हेही मीच शिकवतो.

काका अजून आहेत. संध्याकाळी नव्या गावातल्या घराच्या ओट्यावर बसलेले असतात. काकूला काढेपर्यंत ते तिथंच होते म्हणतात. मी तिथं होतो की नाही, एका प्रश्नात निकाल लागेल. तो प्रश्न उत्तर न सुचवता कसा विचारायचा, यावर मी वर्गात दोन तास बोलू शकतो. चार वेळा गेलो. चारही वेळा चहा पिऊन, पावसापाण्याचं बोलून परत आलो.