मध्यंतराची पाच मिनिटं

२६ जानेवारी म्हटलं की लोकांना संचलन आठवतं, आम्हाला शिरा आठवतो. मुंबईच्या गिरणगावातल्या कुठल्याही चाळीत त्या दिवसाचा बेत साधारण एकच. सकाळी झेंडावंदन, मग लिंबू-चमचा आणि पोत्याची शर्यत, दुपारी सार्वजनिक सत्यनारायणाची महापूजा, संध्याकाळी बायकांचं हळदीकुंकू आणि रात्री भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना. प्रजासत्ताकाचा आणि सत्यनारायणाचा संबंध काय, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. आम्हाला कधी पडला नाही. अख्ख्या चाळीला एकाच दिवशी सुट्टी मिळते, एवढा संबंध पुरेसा होता.

आमचं मंडळ डिलाईल रोडला, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाला लागून. महिनाभर आधी पावतीपुस्तकं निघायची. मोठी मुलं पुढे, आम्ही बारकी त्यांच्या मागे. पहिली पावती खानावळवाल्या मावशींची फाडायची, असा रिवाज होता. त्या पैसे द्यायच्या आणि वर दम भरायच्या, "मागल्या वर्षीचा हिशोब अजून फळ्यावर लागला नाही रे तुमचा." कोकणातले आणि घाटावरचे असे दोन तट वर्षभर असायचे. वर्गणीपुरते ते एक व्हायचे आणि कबड्डीला पुन्हा फुटायचे.

कबड्डी हे आमच्या २६ जानेवारीच्या सोहळ्याचं खरं दैवत. स्पर्धा आठवडाभर आधी सुरू व्हायची आणि अंतिम सामना २६ तारखेच्या आसपासच्या रविवारी रात्री. दोन इमारतींच्या मधल्या जागेत मैदान तयार करायचं. आधी खडे वेचायचे, मग लाल माती पसरायची, संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी धुम्मस घेऊन ठोकायचं. रेषा आखायचं काम एका जॉबरकाकांकडे, जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम. लोखंडी चुका ठोकून, सुतळी ताणून, मुठीतून चुन्याची फक्की सोडत ते असे चालायचे की रेषा कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. कुणी पोरगं अनवाणी पायानं त्या ओल्या फक्कीवरून गेलं की त्याच्या बापाचा उद्धार. दिवे गॅलरीच्या कठड्याला बांधलेले. मैदानाभोवती जेवढी माणसं, त्याच्या तिप्पट गॅलऱ्यांत आणि जिन्यात. चढाई करणाऱ्याला तिसऱ्या मजल्यावरून आज्या सूचना द्यायच्या, आणि त्या सूचना बऱ्याचदा बरोबर असायच्या.

वीस मिनिटांचा पूर्वार्ध, वीस मिनिटांचा उत्तरार्ध, मध्ये पाच मिनिटं मध्यंतर. त्या पाच मिनिटांवर मास्तरांची मालकी.

मास्तर म्हणजे महापालिकेच्या शाळेतले शिक्षक, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. कोपरापर्यंत दुमडलेला सदरा, हातात घड्याळ काढून धरलेलं. एका वर्षी निवेदकाचा घसा बसला म्हणून त्यांना माईक दिला, तो पुढे कुणी परत घेतला नाही. गडी कडेला बसून ग्लुकोजचं पाणी पितायत, पंच गुणपत्रक जुळवतायत आणि मास्तर विचारतायत, "आज वार कोणता?"

"रविवार!"

"दिला कुणी?"

तिथे सगळे गप्प. मग त्यांनी नारायण मेघाजी लोखंडे सांगितले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' वृत्तपत्र चालवणारे. गिरणीत आठवड्याची सुट्टी नव्हती त्या काळात, १८८४ मध्ये, त्यांनी याच परळमध्ये कामगारांची सभा घेऊन रविवारची सुट्टी मागितली. मालकांनी दाद दिली नाही. पुढे २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन कामगार बायाही उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० ला मालकांनी मान्य केलं. "रविवार नसता तर ही फायनल कधी झाली असती?" एवढं विचारून मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि माईक खाली ठेवला. शाळेच्या पुस्तकात आम्ही त्या वर्षी पानिपत शिकत होतो. ते मार्कांपुरतं राहिलं, हे अजून तारखांसकट पाठ आहे.

त्यांची पद्धतच ती होती. इतिहास लांबून आणायचाच नाही, पायाखालचा उकरायचा. एकदा त्यांनी पाच मिनिटांत प्लेगपासून सुट्टीपर्यंत मजल मारली. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला, शहर कोंदट आहे म्हणून सरकार हादरलं, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्या ट्रस्टनं चाळी बांधल्या, म्हणून त्या बीआयटी चाळी. अशाच एका चाळीत, पोयबावडीजवळ, बाबासाहेब आंबेडकर दादरच्या राजगृहात जाईपर्यंत राहत होते. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारलं, पण ते अमलात आणायला दोन महिने थांबले, कारण १९३० मध्ये २६ जानेवारीला पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती. "म्हणजे ज्यांच्यामुळे उद्या सुट्टी आहे ते इथून चालत येण्याच्या अंतरावर, आपल्यासारख्याच चाळीत राहत होते." वरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आटपा, गडी थंड पडतील!" मास्तरांनी वर न बघता उत्तर दिलं, "गडी थंड पडले तर लोण खातील, अख्खा संघ बाद होईल. तुम्ही ऐका."

बाबू गेनू ऐकला तो असाच. १२ डिसेंबर १९३०, काळबादेवी, परदेशी कापडाच्या ट्रकसमोर उभा राहिलेला गिरणी कामगार. हुतात्मा चौकाचं मात्र मास्तर सांगायचे नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबाराच्या दिवशी आमच्या चाळीतली काही माणसं स्वतः फ्लोरा फाउंटनला होती, त्यामुळे माईक त्यांच्या हातात जायचा, आणि मग पाच मिनिटांचं भान कुणालाच राहायचं नाही.

सगळ्यात जास्त रंगली ती पालवणकर बाळूंची गोष्ट. क्रिकेटचं नाव निघाल्यावर आम्ही पोरं अगदी फक्कीच्या रेषेपर्यंत सरकलो. धारवाडला जन्मलेला, चांभार समाजातला मुलगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायचा आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायचा. डावखुरा फिरकी. पुढे हिंदूंच्या संघाला त्याच्याशिवाय चालेना, मैदानावर सगळे त्यानं टाकलेला चेंडू हातात घ्यायचे, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. "आणि तरीही कप्तान?" मास्तरांनी विचारलं, आणि शिट्टी झाली. "उरलेलं पुढच्या वर्षी."

खरंच पुढच्या वर्षी. वर्षभर आम्ही त्यांना जिन्यात गाठून विचारायचो, ते हसून निघून जायचे. पुढच्या अंतिम सामन्याला कळलं की बाळू कधीच कप्तान झाले नाहीत, १९२३ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल झाला. आणि १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे आंबेडकरांच्या विरोधात उभे राहून हरले. त्यावरून रात्री दोनपर्यंत जिन्यात वाद चालला होता. सामना कोण जिंकलं ते मला आज आठवत नाही.

१९८२ चा सोहळा मात्र वेगळा सांगायला हवा. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि आठच दिवसांत आमची महापूजा. एरवी आठवडाभराच्या आमच्या सामन्यांना अख्खी चाळ कधीच हजर नसायची. पहिल्या पाळीवाले पेंगत बघायचे, दुसऱ्या पाळीवाले शेवटची चढाई चालू असताना डबा हलवत यायचे, तिसऱ्या पाळीवाले ऐन रंगात उठून जायचे. त्या वर्षी तिन्ही पाळ्या पहिल्यांदाच एकत्र गॅलरीत. माणसं कठड्यावरून वाकून एकमेकांना हाका मारत होती. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल, असं जो तो म्हणत होता, त्यामुळे वर्गणी कुणी कमी दिली नाही. शिऱ्यात नेहमीसारखंच तूप, नेहमीसारखीच केळी. गडी अंगात गिरणीच्या नावाचे बनियन घालून उतरले. त्या काळी गिरण्यांचे स्वतःचे संघ असायचे आणि चांगल्या चढाईबहाद्दराला त्या जोरावर खात्यात चिकटता यायचं. मास्तरांनी त्या रात्री काहीच सांगितलं नाही. माईक हातात घेऊन म्हणाले, "आज तुम्हीच इतिहास आहात, मी काय सांगू?" टाळ्या कडाडल्या. मला मात्र ते तेव्हाही जरा नाटकी वाटलं होतं. मास्तरांना शोभलं नाही.

पुढल्या २६ जानेवारीला झेंडा लागला, पूजाही झाली, कबड्डी झाली नाही. अर्धे गडी गावाला होते. खानावळवाल्या मावशींची उधारीची वही जाड झाली होती, तरी पहिली पावती त्यांनीच फाडायला लावली. प्रसाद द्रोणाऐवजी कागदावर आला. जॉबरकाका चुका आणि सुतळी घेऊन खाली आले, थोडा वेळ उभे राहिले आणि वर गेले. संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. अडीच लाखांच्या घरातले कामगार त्यात उतरले होते, त्यांतले कितीतरी कामावर परतलेच नाहीत.

नंतर मैदान पुन्हा आखलं गेलं, पण बनियनवरची नावं बदलली. बँका, रेल्वे, मग नगरसेवकांचे फोटो. मास्तर निवृत्त होऊन गावी गेले. कार्यकारिणीनं त्यांच्या जागी रीतसर व्याख्यान ठेवलं. मांडव, शाल, श्रीफळ, समई, दीड तास वक्ता. खुर्च्या निम्म्या रिकाम्या आणि उरलेल्यांवर कार्यकारिणीचे नातेवाईक. माझं म्हणणं मी तेव्हाच्या सभेत मांडलं होतं आणि अजूनही तेच आहे. खेळ बघायला आलेल्या माणसाला पाच मिनिटं इतिहास सांगा, तो ऐकतो. इतिहास ऐकायलाच या म्हटलं की त्याला घरी कामं असतात. व्याख्यान दोन वर्षांत बंद पडलं. गणपतीच्या देखाव्यांचंही थोडं तसंच झालं. अफझलखानाचा वध आम्ही कितीदा उभा केला असेल, लोखंड्यांचा रविवार एकदाही नाही.

२६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियमच्या घुमटात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, तेव्हा आम्ही जुने काहीजण गेलो होतो. मॅट, रंगीत दिवे, मुंबईच्या यू मुम्बा संघाच्या नावानं आरोळ्या. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी आली तेव्हा चाळीत पेढे वाटले होते, त्याची आठवण निघाली. मध्यंतरात मोठ्या पडद्यावर जाहिराती लागल्या. शेजारी बसलेला आमच्यातला एक जुना कोपरारक्षक पुटपुटला, "मास्तर असते तर या पाच मिनिटांचं भाडं मागितलं असतं कुणीतरी."

आता चाळ पुनर्विकासात पाडली आहे. माणसं डोंबिवली, विरार, बदलापूरला पांगली, पण २६ जानेवारीला लोकलनं येतात, डबे घेऊन. स्पर्धा जवळच्या एका शाळेच्या मैदानावर होते, आणि माती की मॅट यावर दर वर्षी भांडण होतं. मंडळाचा मुलींचा संघ आहे. यंदा मुलींच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात आमच्याच संघातल्या एका मुलीनं माईक मागून घेतला. जॉबरकाकांची नात. १८९० च्या रेसकोर्सवरच्या सभेत बोललेल्या त्या दोन बायांबद्दल ती सांगत होती. त्यांची नावं सगळ्यांना माहीत असायला हवीत, तुम्हाला माहीत आहेत का, असं तिनं प्रेक्षकांनाच विचारलं. कुणीच बोललं नाही. तिचे हातपाय मातीनं भरलेले, धाप अजून लागलेली. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. पंचांनी शिट्टी मारली तशी तिनं माईक निवेदकाच्या हातात कोंबला आणि धावत जाऊन उजव्या कोपऱ्यावर उभी राहिली. उत्तरार्धात तिनं लागोपाठ पकडी केल्या, एक तर बोनस घेऊन परतणाऱ्या चढाईवालीचा घोटा धरून. सामना मात्र आम्ही तीन गुणांनी हरलो, आणि बदलापूरवाल्यांनी परतीच्या गाडीत त्याचं खापर मातीवर फोडलं.